एकोणिसावी चूक

मी मोरी बोलतेय. घाटावरच्या माणसाला मोरी म्हटलं की भांडी घासायची जागा आठवते, पण गोव्यात, आमच्या पेडण्यात मोरी म्हणजे शार्क. सोळा फूट लांब, पाठ काळपट निळी, पोट पांढरं, आणि वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा. मात्र मी समुद्रात जन्मले नाही. मी फायबरची आहे, एका सिनेमासाठी आतून पोकळ बनवलेली. हरमलला शिवदास आणि त्याची बायको कमल यांच्या अंगणात, चिऱ्यांच्या ओट्यावर मी बसलेली असते. कालपरवापर्यंत पर्यटक स्कूटर थांबवत, माझ्या जबड्यात डोकं घालून फोटो काढत आणि एकमेकांना सांगत, ‘हिनेच त्या माणसाला धरलं होतं.’

मी कुणालाही धरलेलं नाही. तेच सांगायचं आहे.

माझा जन्म डिचोलीतल्या एका शेडमध्ये झाला. तिथे फायबरच्या होड्या बनत. हरी हा तिथला मुख्य कारागीर, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा. त्याची बायको रत्ना काचधाग्याच्या चटया कापून द्यायची आणि तो त्यांवर रेझिनचा हात फिरवायचा. हरीने जन्मात जिवंत मोरी पाहिली नव्हती. सिनेमावाल्यांनी त्याला तीन फोटो दिले होते, ते तीन वेगवेगळ्या जातींच्या मोऱ्यांचे निघाले. हरीने एकीचं तोंड घेतलं, दुसरीची शेपूट घेतली, तिसरीचे पर घेतले. एका फोटोत मागच्या परांपाशी दोन लांबट नळ्यांसारखे अवयव दिसत होते. ते फक्त नराला असतात हे त्याला कोण सांगणार? त्याने इमानाने तेही केले.

रंग वाळल्यावर रत्ना माझ्याभोवती एक फेरी मारून आली.

“अहो, ह्या बाजूला गालावर पाच चिरा आन् त्या बाजूला सहा. तुमी मोजलासा का न्हाई?”

हरीने मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, “दोन्ही बाजू एकदम कोण बघणार हाय?”

हे वाक्य मी पुढे फार वेळा ऐकलं. वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या भाषेत.

फेब्रुवारीत टेम्पोतून मला हरमलला आणलं. वाळूवर उतरवताना गाव गोळा झाला. बायकांनी तोंडाला पदर लावला, काही जण हसले. शिवदास मात्र हसला नाही. तो तिथला मच्छीमार, पन्नाशीला आलेला, आखूड बांध्याचा, छातीने रुंद. सिनेमात मला पाण्याखालून चालवायचं काम त्याला दिलं होतं. त्याने माझी शेपूट हातात धरून हलवून पाहिली. ती वर-खाली हलत होती.

“ही मोरी न्हय मरे,” तो म्हणाला. “मोरी शेपूट आडवी मारता. वर-खाली मारता तो डॉल्फिन.”

दिग्दर्शकाचं नाव प्रज्योत. मूळचा पणजीचा, पण मुंबईत बरीच वर्षं काढलेला. बोलायला गोड, कुणावर आवाज न चढवणारा. “शिवदास, आडव्या शेपटीने पाणी उडत नाही,” तो म्हणाला. “आपल्याला पाणी उडायला हवं.”

त्याच्या मागे एक मुलगी वही घेऊन उभी होती. ती गौरवी. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याची. प्राणिशास्त्र शिकलेली आणि आता सिनेमात कंटिन्युइटी बघणारी. म्हणजे नायकाच्या शर्टाचं दुसरं बटण एका शॉटमध्ये उघडं असेल तर पुढच्या शॉटमध्येही ते उघडंच हवं, कपातला चहा अर्धा असेल तर अर्धाच हवा, हे ती बघायची. तिच्या वहीत रकाने होते. कपडे, केस, जखमा, वस्तू, उजेड. फोटो काढून चिकटवलेले असत. तिच्या नजरेतून सुई सुटत नसे. पहिल्याच दिवशी तिने माझ्या चिरा मोजल्या, माझ्या पोटाखाली वाकून पाहिलं आणि लाल होऊन सरळ उभी राहिली.

“सर, गोष्टीत ही आई आहे ना?”

“आई. पिल्लू मारलं म्हणून सूड घेणारी.”

“पण हा नर आहे.”

प्रज्योत मनापासून हसला. गौरवी हसली नाही. “आणि मोरी पिल्लाला जन्म दिला की निघून जाते सर. नंतर ती त्याला ओळखतही नाही. शिवाय हे तोंड ज्या पांढऱ्या मोरीचं आहे, ती आपल्याकडे नसते. आणि शेवटी ती तेरेखोलच्या नदीत शिरते आणि नार्व्याला निघते असं लिहिलंय. आमच्या नार्व्याला मांडवी आहे. तेरेखोलची नदी तिथे येतच नाही.”

“पडद्यावर येते,” प्रज्योत म्हणाला.

शिवदासने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. त्या दिवसापासून तो तिला बाय म्हणू लागला आणि ती त्याला दादा. जेवणाच्या सुट्टीत दोघं माझ्या सावलीत बसून माझ्या चुका काढत. मला राग यायचा नाही. कुणीतरी माझ्याकडे नीट बघत होतं.

मी चालायची कशी ते सांगते. माझं पोट खालून उघडं होतं. आत एक लोखंडी दांडा आडवा बसवलेला. शिवदास खालून आत शिरायचा, दोन्ही हातांनी दांडा धरायचा आणि पाय मारायचा. माझ्या पाठीच्या पोकळीत हवा अडकून राहायची, तिथे तोंड वर करून तो श्वास घ्यायचा. पुढून एक दोरी होडीला बांधलेली असे. होडीवर त्याचा जुना सोबती कृष्णनाथ. शिवदासच्या उजव्या मनगटात तांब्याचं जाड कडं होतं. ते दांड्यावर वाजायचं, टक टक. तोच आमचा इशारा. एकदा वाजलं की डावीकडे, दोनदा वाजलं की उजवीकडे. त्याचा श्वास माझ्या पाठीच्या आतल्या बाजूला गरम लागायचा. मला वाटायचं, माझ्यातही काहीतरी जिवंत आहे.

फेब्रुवारीचा समुद्र ताटात ठेवलेल्या पाण्यासारखा होता. सगळं सुरळीत चाललं. फक्त एक गोष्ट घडली. गोष्टीत नायक लोखंडी हुकाने माझा डावा डोळा फोडतो. पण तेरेखोलच्या नदीमुखाशी मी त्याच्या होडीवर झडप घालते त्या दृश्यात कॅमेऱ्याला माझी उजवी बाजू दिसत होती. प्रज्योतने रंगाऱ्याला जखम उजव्या डोळ्यावर काढायला सांगितली.

“सर, जखम डावीकडे आहे,” गौरवी म्हणाली.

“दोन सेकंदांचा शॉट आहे. कोण बघणार?”

तिने वहीत लिहिलं: जखम उलट्या बाजूला, दिग्दर्शकांना सांगितलं आहे. खाली तारीख घातली.

त्यानंतर मला समुद्राजवळच्या, जाळी ठेवायच्या एका मांगरात ठेवलं. दोन-अडीच महिने मी अंधारात, जाळ्यांच्या वासात पडून होते. मे संपताना दार उघडलं. प्रज्योत आणि गौरवी आत आले. दोन सेकंदांचा तो शॉट सिनेमात चांगला पाऊण मिनिटाचा झाला होता आणि फुटलेला डोळा भलत्याच बाजूला असल्याचं आता प्रत्येकाला दिसत होतं. चित्र आरशासारखं उलटं फिरवावं, तर तेरेखोलचा किल्ला नदीच्या दुसऱ्या काठाला जाऊन बसे. म्हणून तो शॉट पुन्हा घ्यायचा ठरला.

“तू बरोबर होतीस,” प्रज्योत तिला म्हणाला. “तुझी वही आम्ही ऐकायला हवी होती.”

गौरवीचा चेहरा उजळला. तिच्या नोकरीत असं कुणी म्हणत नाही. ती माझ्याजवळ आली, डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं, उजव्यावर फुली मारली आणि सगळे फोटो काढून घेतले. नायकाचा शर्ट, त्याचे ओले केस, होडीवरची दोरी, सगळं फेब्रुवारीसारखं हवं म्हणून तिने रात्रंदिवस वही चाळली. त्या वहीत समुद्राचा रकाना नव्हता. तो असायला हवा हे कुणालाच सुचलं नव्हतं.

जूनचा पहिला आठवडा. मासेमारी बंद झाली होती, हरमलच्या होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकल्या होत्या. परवानगीचं आम्ही बघतो, असं सिनेमावाले म्हणाले. केरी गावाच्या बाजूने नदीमुखाशी मला नेलं. वारा फिरला होता. पाणी चिखलाच्या रंगाचं झालं होतं आणि नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पांढऱ्या रेघा उठून मोडत होत्या. माझ्याभोवतीची माणसं नेहमीपेक्षा हळू बोलत होती.

कृष्णनाथने होडी उतरवायलाच नकार दिला. “ओहोटी लागली हा,” तो प्रज्योतला म्हणाला. “नदीचा पाणी भायर वढता, दर्या आत येता. मधी दोनव आपटतत. थंय आता जावचा नाय. दोनाक भरती लागतली, तेव्हा बघूया.”

“दोनला उजेड बदलतो,” प्रज्योत शांतपणे म्हणाला. “तो शॉट साडेदहाचा होता. सावल्या जुळायला हव्यात. गौरवी, वेळ काय होती?”

गौरवीने वही उघडली. “साडेदहा,” ती म्हणाली. आणि मग मान वर करून, “पण सर, जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो. सावल्या तशाही जुळणार नाहीत.”

ते कुणी ऐकलं नाही. सगळे शिवदासकडे बघत होते.

शिवदास पाण्याकडे बघत होता. बराच वेळ. त्याने ओल्या वाळूत पाय रोवून पाण्याची ओढ किती आहे ते पाहिलं. कृष्णनाथ त्याला हळूच म्हणाला, “तू नाय म्हण. तू नाय म्हटलंस काय सगळे गप रवतले.”

“शबूद दिलो हा,” शिवदास म्हणाला. “आनि माझ्याबगर ही पाण्यात पवूची नाय.”

मग कृष्णनाथही होडीत चढला. मित्राला एकटं कसं सोडायचं?

शिवदास माझ्या पोटात शिरला आणि त्याने दांडा धरला. त्या दिवशी त्याचा श्वास फार जोरात चालला होता. दोरी ताणली गेली, आम्ही निघालो. पहिली लाट पार केली. दुसरीने मला वर उचललं. कडं दोनदा वाजलं, म्हणजे उजवीकडे. मी वळू लागले आणि तेवढ्यात खालून नदीचं पाणी आलं. ते थंड होतं आणि जोरात बाहेर ओढत होतं. वरून लाट, खालून नदी. मी एका कुशीवर झाले. माझ्या पाठीतली हवा एका मोठ्या बुडबुड्यासारखी निघून गेली.

आता आत फक्त पाणी होतं आणि शिवदास होता.

होडीची दोरी सैल पडली, माझ्या पराखालून आत आली आणि पुन्हा ताणली गेली तेव्हा तिच्या विळख्यात त्याचं उजवं मनगट होतं. तो माझ्या पोटातून बाहेर निघाला, पण दोरीने त्याला माझ्या जबड्याशी जखडून ठेवलं. मी बुडत होते आणि मला त्याला सोडता येत नव्हतं. मला हात नाहीत. त्याने एकदा माझ्या तोंडावर पाय देऊन जोर लावला आणि त्याचा हात कोपरापर्यंत पाण्याबाहेर गेला. बोटं ताठ पसरलेली, मनगटात कडं. मग पुन्हा खाली. पुन्हा वर.

किनाऱ्यावर काय झालं ते मला पुढे गौरवीच्या तोंडून कळलं. कॅमेरा चालू होता. छोट्या पडद्यावर मोरीचं तोंड आणि त्यातून वर आलेला हात दिसला, तेव्हा सगळे खूश झाले. कुणीतरी म्हणालं, “काय करतोय शिवदास, कमाल!” गौरवीची नजर वहीवर गेली.

“हात का आलाय?” ती म्हणाली. “या शॉटमध्ये हात नाहीये.”

“असू दे,” प्रज्योत म्हणाला. “छान येतंय.”

“सर, कडं आहे हातात. नायकाला कडं नाही. तो दादांचा हात आहे.”

“थांब जरा.”

ती थांबली नाही. तिने प्रज्योतच्या हातातला भोंगा हिसकावून घेतला आणि कृष्णनाथच्या नावाने ओरडली. कृष्णनाथला लाटेआडून काहीच दिसत नव्हतं. तिचा आवाज ऐकून त्याने दोरीवर सुरी चालवली आणि पाण्यात उडी टाकली. तोपर्यंत पाऊण मिनिट गेलं होतं. कॅमेरा पूर्ण पाऊण मिनिट चालला.

शिवदास वाचला. त्याच्या छातीत पाणी गेलं होतं, मनगट सुजून निळं झालं होतं. इस्पितळात कडं कापून काढावं लागलं. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी वळली नाहीत. आता जाळं ओढता येत नाही त्याला. कमलला त्याने एवढंच सांगितलं की दोरी गुंतली होती, कृष्णनाथने सोडवली.

पाण्याने मला केरीच्या वाळूवर आणून टाकलं. डाव्या डोळ्यावरची जखम अजून लालभडक होती.

सिनेमा म्हापशाला लागला तेव्हा पहिल्या खेळाला मला थिएटरच्या दारात मांडलं होतं. लोक माझ्यासोबत फोटो काढून आत जात. शिवदास नवा शर्ट घालून आला होता. बरोबर कमल होती. ती अंगाने काटक, घरच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देणारी, हिशेबी बोलणारी बाई. दार बंद झालं आणि थोड्या वेळाने आतून एक डरकाळी ऐकू आली. वाघाची आणि रेल्वेची मिळून होईल तशी. लोक किंचाळले. ती डरकाळी माझी होती, हे मला उशिरा समजलं. मोरीला आवाज नसतो. ती येते तेव्हा काहीच ऐकू येत नाही.

शेवटाकडे आत टाळ्यांचा कडकडाट झाला. दार ढकलून कमल बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या मागोमाग गौरवी बाहेर आली. तिने त्या जूननंतर सिनेमाचं काम सोडलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

“तो हात ह्यांचो,” कमल म्हणाली. “कडा माझ्या आयेन दिलेला. मी वळाखलंय.”

“होय, वैनी.”

“म्हणजे हे बुडत होते तेव्हा तुमी सिनेमा काढीत होतात.”

गौरवीने सगळं सांगितलं. भोंगा, वही, ‘थांब जरा’. आपल्या लिहिण्यामुळे तो शॉट पुन्हा घेतला गेला, हेही सांगितलं. “मी त्यांना म्हटलं होतं, हे सिनेमात घालू नका. ते म्हणाले, सगळ्या सिनेमात एवढंच खरं आहे.”

कमलने तिला दोष दिला नाही, जवळही घेतलं नाही. आत टाळ्या चालूच होत्या. खेळ सुटला तेव्हा प्रज्योत शिवदासच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “ही मोरी आता तुमची. आमच्याकडून भेट.” शिवदासचे डोळे पाणावले. कमल माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेची मला पहिल्यांदा भीती वाटली.

अशी मी ह्या अंगणात आले.

दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी गौरवी स्कूटरवरून आली. सिनेमांतल्या चुका शोधायचा छंद असलेल्या कुणा अनोळखी माणसाने मोबाइलवर एक यादी टाकली होती. आमच्या सिनेमातल्या एकतीस चुका. शिवदास खूश झाला. खुर्ची माझ्याजवळ ओढून बसला आणि म्हणाला, “वाच गो बाय.”

ती वाचू लागली. शार्क ओरडतो. शार्कच्या एका बाजूला पाच कल्ले, दुसऱ्या बाजूला सहा. आई म्हणतात, पण नर आहे. शेपूट डॉल्फिनसारखी. उलटा पोहत मागे जातो, जे त्याला जमत नाही. तेरेखोलच्या नदीत शिरून मांडवीत निघतो. शिवदास प्रत्येक चुकीला मांडीवर थाप मारून हसत होता. “तेका आणखी तीन लिव म्हण. ज्या वाऱ्यात शीड भरलेला दाखयला त्या वाऱ्यात होडी उलटी जाता!” कमलसुद्धा दारात उभी राहून ऐकत होती. खूप दिवसांनी त्या घरात हसू होतं.

“एकोणीस,” गौरवी म्हणाली आणि थांबली.

“वाच.”

“एकोणीस. पाण्यातून वर येणाऱ्या हातात तांब्याचं कडं आहे. नायकाच्या हातात संपूर्ण सिनेमात कुठेही कडं नाही. ढोबळ चूक.” तिने बोटाने यादी वर सरकवली. “वीस. त्याच शॉटमध्ये समुद्र अचानक खवळलेला आणि गढूळ. आधीच्या क्षणी शांत.”

 शिवदास आपल्या न वळणाऱ्या बोटांकडे बघत राहिला.

“तेका ती चूक वाटली,” तो म्हणाला.

“चूकच ती,” कमल म्हणाली. “येवढ्या लोकांनी बघल्यानी, पण बरोबर त्या एकट्यानच लिवल्यान.” आणि ती आत गेली.

गौरवीने त्या यादीखाली लिहिलं की तो हात कुणाचा आहे आणि तो बाहेर का आला. तिला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. विचारलंही. पण दिग्दर्शकाला कुणी विचारलं नाही. लोक अंगणात येऊ लागले. “तो हात तुमचाच का? जरा तिच्या तोंडात घालून दाखवता?” पहिल्यांदा शिवदास संकोचला. मग घालू लागला. मग तो कोपरापर्यंत हात घालून चेहरा वाकडा करू लागला. लोक हसत, किंचाळत, फोटो काढत. समुद्र सुटलेल्या माणसाला पुन्हा कुणीतरी ओळखत होतं.

आणि त्याची गोष्ट बदलू लागली. मी रोज ऐकत होते. आधी दोरी होती. मग दोरी आणि मोरी. मग म्हणे, मोरीचा जबडा आपोआप मिटला. पुढे दोरी गेलीच. कधी पाऊण मिनिट, कधी पाच मिनिटं. कधी सकाळ, कधी संध्याकाळ. कृष्णनाथ एकदा ओट्यावर बसून हे ऐकत होता. तो उठून निघून गेला आणि परत आला नाही. शिवदासच्या गोष्टीत ओहोटी नव्हती, दिग्दर्शक नव्हता, कॅमेरा नव्हता. सगळा दोष माझ्या जबड्यात येऊन पडला होता. सर्वांत वाईट म्हणजे, लोक गेल्यावर एकटा असतानाही तो माझ्याकडे भीतीने बघू लागला. अंगण ओलांडताना लांबून जाऊ लागला. त्याने पाहिलेलं त्याला आठवेना, सांगितलेलं तेवढं आठवू लागलं.

यंदा मेमध्ये प्रज्योत पुन्हा आला. सोबत दोन माणसं, हातात टेप. त्यांनी मला नाकापासून शेपटीपर्यंत मोजलं. मोरी मेली नव्हती, असं दुसऱ्या भागात दाखवायचं होतं. पावसाआधी नदीमुखाशी चार दिवस काम. “तुम्हीच चालवा शिवदास,” तो गोड आवाजात म्हणाला. “लोकांना तुम्हीच हवे आहात.”

“बोटां वळत नाय,” कमल दारातून म्हणाली.

“एका हातान जमता ओ,” शिवदास म्हणाला. त्याचा चेहरा कसातरी चमकत होता. “ती माका वळाखता. एकदा सोडल्यान, परत काय करूची नाय.”

 माणसं सोमवारी टेम्पो घेऊन येणार होती. ते गुरुवारी ठरलं.

घराच्या मागे तिची नवी खोली चालली होती. शनिवारी स्लॅब घालायला बेळगावकडचे कामगार आले, मिक्सर सुरू झाला. दहाच्या सुमारास कमल तिथे गेली आणि मुकादमाला म्हणाली, “आज स्लॅब नको. पयलो माल हय आणा.” त्यांना कळेना. तिने स्वतः काँक्रीटचं घमेलं उचललं, माझ्यासमोर आली आणि माझ्या तोंडात रिकामं केलं. परत गेली, दुसरं आणलं. चौथ्या घमेल्याला कामगारांनी तिच्या हातातून ते घेतलं आणि ओळ लावली.  माझा घसा भरला, मग छाती, मग पाठीची ती पोकळी. मी ओट्याला जखडत गेले.

शिवदास बाजारातून आला तेव्हा माझं तोंड निम्मं भरलं होतं. पिशवी हातातच राहिली.

“काय केलंस गो ह्या?”

कमलच्या कोपरापर्यंत सिमेंट होतं. “ही आता पवूची नाय,” ती म्हणाली. “तुमका जावचा तर दुसरी बघा.”

तो ओरडेल असं मला वाटलं. कामगार मागे सरकले. शिवदास पुढे आला, माझ्या दातांपाशी वाकला. किती तरी महिन्यांनी तो इतक्या जवळ आला होता. त्याने ओल्या काँक्रीटवर तळहात टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

“कमल,” तो म्हणाला, “हिने धरूक नाय माका.”

“म्हायत हा.”

“दोरी होती.” तो थांबला. “आनि ओहोटी होती. पाण्यात पाय घातलंय तेव्हाच माका कळलेला. नाय म्हणूक जीभ उठली नाय. सगळे बघीत होते.”

कमलने पदराने कपाळ पुसलं. “म्हायत हा,” ती पुन्हा म्हणाली. “हात धुवा. सिमेंट सुकता.”

तो हात धुवायला गेला नाही. त्याने कामगाराकडून थापी मागून घेतली आणि डाव्या हाताने, हळूहळू, माझ्या तोंडातला तो लगदा सपाट करत बसला. कमल त्याच्या शेजारी बसून राहिली.

सोमवारी टेम्पो येईल आणि रिकामा जाईल. प्रज्योत नवी मोरी करून घेईल, नवा माणूस शोधेल. तो माणूस कुठल्या गावचा असेल मला ठाऊक नाही. मी त्याला हाक मारू शकत नाही. मला आवाज नाही, आणि आता तोंडही उरलं नाही. तुम्ही जर त्या किनाऱ्यावर असाल आणि तो पाण्याकडे बघत गप्प उभा असेल, तर कृपा करून नुसते त्याच्याकडे बघत राहू नका. त्याच्या वतीने तुम्हीच नाही म्हणा. येते मी.